पगार नव्हे, मानधन!



शिक्षकदिनी शाळेतल्या स्वयंपाकिणींचे सत्कार कशाला, त्यांना पगार मिळतोच, अशा आशयाचे पत्र वाचले. पगार? पोषण आहार शिजवणाऱ्या या बायकांना मिळते ते मानधन. केंद्राच्या २००९च्या निकषानुसार महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिनेच. राज्य त्यात आपली भर घालते. तेवढ्यात तांदूळ निवडायचा, शिजवायचा, वाढायचा आणि मोठाली पातेली घासायची. शाळेत शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. तो रोज पाळतात त्या याच. शाल-श्रीफळाने घर चालत नाही, हा पत्रलेखकाचा टोमणा मात्र मान्य. तेव्हा मानधन वाढवाच, आणि ५ सप्टेंबरला त्यांना चहा वाटायला उभे न करता खुर्ची द्या.

– एक पालक, बार्शी