ज्ञानदानाची भाषा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे चतुर्विध दान जैन परंपरेने सांगितले आहे. औषधदानासाठी समाजाचा हात नेहमीच मोकळा राहिला आहे. परंतु औषधाबरोबर ज्ञान पोहोचले नाही, तर ते दान अर्धेच राहते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका याची साक्ष देतो.

येथील आदिवासींची मातृभाषा माडिया. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो. अशा वेळी तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, त्याचे अंग गार पडू लागले, तर धोका ओळखावा लागतो तो आईलाच. मराठीतील सुबक पत्रक तिच्या काय उपयोगाचे? १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा आत्मसात केली, ती याच जाणिवेने.

याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर सुईणींसाठी मण्यांचे श्वासमापक घडविले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गावातील प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळांना तपासू लागल्या, मातांना शिकवू लागल्या. तुलनेच्या गावांच्या मानाने त्या ३९ गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

शिकविण्याची रीत साधी आहे. एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात, चित्र दाखवावे, कृती करून दाखवावी. ‘समजले का?’ या प्रश्नाला संकोचाने मान डोलतेच. त्याऐवजी ‘बाळाला उबदार कसे गुंडाळाल, दाखवा पाहू’ असे म्हणावे. चूक झाल्यास दोष आईचा नव्हे, सांगणाऱ्याचा मानावा आणि पुन्हा सांगावे.

ही उणीव केवळ वनातली नाही. सुशिक्षित व्यापारी घरातील सूनही प्रसूतीनंतर इंग्रजी कागद घेऊन घरी येते आणि विचारायला संकोचते. भगवान महावीरांनी उपदेश केला तो अर्धमागधी या लोकभाषेत. प्रसूतिगृहाला देणगी देताना खाटांबरोबरच मातेशी तिच्या भाषेत बोलणाऱ्या सेविकेच्या मानधनाचाही विचार व्हावा. तेव्हाच औषधदान आणि ज्ञानदान एकत्र घडेल, आणि एका तान्ह्या जिवाला अभयही लाभेल.