टायर आपोआप फुटत नाही

महामार्गावर अपघात झाला की पहिली बातमी येते, ‘टायर फुटला’. म्हणजे जणू कुणाचाच इलाज नव्हता. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही चालकाने हेच कारण सांगितलं होतं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नाही. आणि जिथे टायर खरोखरच फुटतो, तिथेही त्याची तयारी बरेच दिवस आधी सुरू झालेली असते.

ती तयारी कशी दिसते, ते रायपूरच्या भनपुरीत बघायला मिळालं. बिलासपूर रस्त्यावरचा हा कारखान्यांचा भाग. उरला-सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक दिवसभर इथून धावतात, त्यामुळे टायरची कामं करणारे हातही इथे तयार आहेत. एका कारागिराने कुणाच्या तरी कारचा टायर रिमवरून उतरवला आणि आतून हात फिरवून माझ्यासमोर धरला. बोटांवर काळी भुकटी होती. बाहेरून नक्षी शाबूत, आत मात्र बाजूच्या भिंतीवर गोल घासलेला पट्टा. हवा कमी असताना गाडी दामटली की ही भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतून झिजत जाते. असा टायर पंक्चर काढून परत चढवायचा नसतो, तो टाकूनच द्यायचा.

आम्हा रायपूरच्या मराठी मंडळींना हे नीट कळायला हवं. सुट्ट्या लागल्या की गाडी नागपूरकडे निघते आणि तिथून समृद्धीला लागते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला ताशी १२० ची मुभा. एरवी हीच गाडी बाजार आणि महाराष्ट्र मंडळ यापलीकडे फारशी जात नाही. किलोमीटर कमी पडतात, खाचा खोल राहतात, म्हणून टायर नवाच वाटतो. पण रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं, रायपूरच्या उन्हात तर लवकरच. टायरच्या बाजूला ‘डॉट’च्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटली की जाणत्याला दाखवावा. बारीक भेगा किंवा फुगा दिसला तर वय मोजत बसू नये, बदलून टाकावा. खाचा १.६ मिलिमीटरवर आल्या की कायद्यानेच टायर बाद. खाचांच्या तळाशी त्यासाठी छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की समजावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका पक्क्या गैरसमजाची. उन्हाळ्यात टायर तापून फुटतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवायची, असं भले भले सांगतात. हे अगदी उलटं आहे. कमी हवेचा टायरच जास्त तापतो. गाडी धावल्यावर हवेचा दाब काही अंक वाढणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये. दाब बघायचा तो सकाळी, गाडी निघण्याआधी किंवा जवळच्याच पंपावर. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना तिथे दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि भरल्या गाडीसाठी एक. पाच माणसं आणि डिकीत बॅगा असतील तर दुसरा धरा. नायट्रोजन भरला म्हणून ही तपासणी टळत नाही. स्टेपनीतही हवा बघा, आपण तिला पंक्चर होईपर्यंत विसरतो.

चाक काढून बसवलं असेल तर नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळलेत ना, हे उभं राहून पाहावं. आणि भनपुरीतून काम करून लगेच प्रवासाला निघालात, तर सत्तरेक किलोमीटरवर राजनांदगाव येतं. तिथे चहाला थांबाल तेव्हा चाकपाना काढून ते नट पुन्हा एकदा तपासून घ्या.