दारूचा रंग बदलला म्हणजे विष? आणि नाही बदलला तर?

विषारी दारूची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: भेसळीची दारू रंगावरून ओळखता येते का? जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे साठहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाओसमधील वांग विएंग या पर्यटनस्थळी सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये अमृतसरजवळच्या मजिठा भागात वीसहून जास्त बळी गेले. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर माणसे गेली, ते अनेकांना आठवत असेल. या सर्व प्रकरणांत बोट दाखवले गेले ते एकाच रसायनाकडे, मिथेनॉलकडे. आणि मिथेनॉल दिसायला पाण्यासारखेच असते.

मग दारूचा रंग कशाने बदलतो?

बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. ग्रीसच्या ओझूमध्ये किंवा पश्चिम आशियातल्या अरकमध्ये बडीशेपेसारख्या वासाचे एक तेल असते. ते तीव्र मद्यात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. पाणी ओतताच तेलाचे सूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि पेला दुधाळ दिसतो. गोकर्णाच्या फुलांनी निळी केलेली जिन लिंबू पिळताच जांभळी-गुलाबी होते, कारण फुलातले रंगद्रव्य आंबटपणानुसार रंग बदलते. लाकडी पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीत लाकडातले टॅनिन उतरते. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर त्या टॅनिनशी संयोग होऊन पेय काळपट पडते. अशा पाण्याचा चहाही काळसर होतो, तोच हा प्रकार. यातल्या कोणत्याही बदलाचा मिथेनॉलशी संबंध नाही. (म्हणून दारू निर्धोक ठरते असे नव्हे, पण तो वेगळा विषय.)

उलट बाजू जास्त गंभीर आहे. मिथेनॉल मिसळल्याने रंग, वास, चव यांत ओळखू येईल असा फरक पडत नाही. दारू पेटवून ज्योतीचा रंग पाहण्याची युक्ती सांगितली जाते, तीही निरुपयोगी. दोन्ही अल्कोहोल फिकट निळ्या ज्योतीनेच जळतात. पूर्वीच्या श्वासचाचणीच्या नळ्यांत नारिंगी डायक्रोमेट हिरवे होत असे. पण ते मिथेनॉलनेही हिरवे होते, दोहोंत भेद करत नाही.

रंगाचा उपयोग धोक्याची खूण म्हणून करता येतो, हे खरे. इराणमध्ये औद्योगिक मिथेनॉलमध्ये कृत्रिम रंग मिसळणे उत्पादकांना बंधनकारक होते, म्हणजे ते कोणी चुकून पिऊ नये. २०२० च्या मार्चमध्ये, दारूने कोरोना बरा होतो अशी अफवा तिथे पसरली. बेकायदा विक्रेत्यांनी रसायन वापरून तो रंग घालवला आणि स्वच्छ दिसणारा द्रव पिण्यासाठी विकला. शेकडो लोकांचा जीव गेला, कित्येकांची दृष्टी गेली. ‘माल स्वच्छ दिसतोय’ या भरवशावर माणसे मेली, असे म्हणायला हरकत नाही. रंगावर विसंबणाऱ्या कोणत्याही सुरक्षेची ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते.

शरीरात काय घडते?

मिथेनॉल स्वतः तितके घातक नसते. यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल साचून रक्त आम्लधर्मी होते आणि डोळ्यांच्या नसेला इजा होते. शुद्ध मिथेनॉलचे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, दृष्टी जायला पुरेसे ठरू शकतात. या प्रक्रियेला वेळ लागतो. लक्षणे बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत नेहमीची दारू प्यायली असेल तर आणखी उशिरा, कारण यकृत आधी तिच्याकडे वळते. म्हणूनच घरचे लोक ‘रात्रीची उतरली नाही अजून’ असे समजून रुग्णाला झोपू देतात. नेमके तिथेच मोलाचे तास जातात.

दुसऱ्या दिवशी पोटदुखी, उलट्या, डोकेदुखी, धाप लागणे, आणि विशेषतः अंधूक दिसणे किंवा डोळ्यांपुढे बर्फासारखे पांढरे दिसणे, ही लक्षणे असतील तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे फोमेपिझोल किंवा ते नसल्यास मोजून दिलेले इथेनॉल, सोडाबायकार्ब आणि डायलिसिस असे उपचार होतात. ‘दारूवर दारूच उतारा’ म्हणून घरी आणखी पाजू नका. त्या डोसला रक्तचाचण्यांचा आधार लागतो, आणि घरातली बाटली तीच असू शकते. रुग्ण गुंगीत असेल तर उलटी करवण्याचा प्रयत्नही नको.

काय, कुठून आणि किती वाजता प्यायले, हे डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने किंवा लाजेपोटी ‘शिळे खाल्ले’ असे सांगितले जाते, आणि उपचार भलत्याच दिशेने सुरू होतात. उरलेली बाटली किंवा पिशवी सोबत आणा. त्याच साठ्यातून प्यायलेल्या इतरांना, त्यांना काहीच होत नसले तरी, तपासणीसाठी ताबडतोब बोलावून घ्या.