गळका नळ आणि जपानी रांजण

वस्तुस्थिती : अडगळकर

या आठवड्यात एका परिचितांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. विसावा मजला. बाहेर आषाढ धो धो कोसळत होता, हॉलच्या सगळ्या स्लायडिंग खिडक्या लॉक होत्या आणि टीव्हीशेजारच्या नारळाएवढ्या पांढऱ्या डब्यातून पाऊस वाजत होता. रेकॉर्ड केलेला. त्याच डब्यात समुद्र आहे, झरा आहे आणि ‘रेनफॉरेस्ट’ नावाचं एक प्रकरण आहे, ज्यात एक पक्षी ठरावीक वेळाने तेच ते ओरडतो. मी म्हटलं, ‘‘खिडकी उघडली तर हाच पाऊस फुकट मिळेल.’’ यजमान म्हणाले, ‘‘नको हो, बाहेरचा आवाज फार येतो.’’

स्लायडिंग खिडक्यांवर आज लिहीत नाही. त्याबद्दलचं माझं मत नेहमीच्या वाचकांना तोंडपाठ आहे आणि बिल्डरांना अमान्य. आजचा राग डब्यावर आहे. घरात निसर्गासारखा आवाज करणारी वस्तू घडवणं हे कसबाचं काम आहे. ते सोडून आपण स्पीकरला लाकडी रंगाचं टोपण बसवतो आणि त्याला डिझाइन म्हणतो.

हे कसब बघायचं तर जपानच्या जुन्या बागांत जावं. तिथे हात धुण्याच्या दगडी कुंडाजवळ, जमिनीखाली, मातीचा एक रांजण पालथा पुरलेला असतो. त्याला सुइकिनकुत्सु म्हणतात; युक्ती एदो काळातली. रांजणाच्या बुडाला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, लहानसं भोक असतं. वर गोटे रचलेले असल्याने ते दिसत नाही. आत तळाशी थोडंसं पाणी राहील आणि जादा झालं की निघून जाईल, अशी सोय केलेली असते. हात धुतले की पाणी गोट्यांतून झिरपतं, भोकाच्या कडेला जमतं, थेंबाथेंबाने आतल्या पाण्यात पडतं आणि रांजणाच्या पोकळीत तो आवाज घुमतो. एक टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन, जरा खालच्या सुरात. काही ठिकाणी नीट ऐकू यावं म्हणून गोट्यांवर बांबूची नळी टेकवून तिला कान लावतात. विसाव्या शतकात ही विद्या जवळपास विसरली गेली होती. १९८०च्या दशकात तिचं पुनरुज्जीवन झालं. १९९६ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने देशातल्या जपण्याजोग्या १०० ध्वनिस्थळांची यादी केली, तीत मिनो गावातला सुइकिनकुत्सु आहे. आपल्याकडे आवाजांची सरकारी यादी म्हणजे डेसिबलच्या मर्यादा. त्याही कोण पाळतं ते गणपतीत बघूच.

आता आपल्या मोरीतला गळका नळ घ्या. रात्री दीड वाजता बादलीत पडणारा त्याचा थेंब आणि रांजणातला थेंब यांत भौतिकशास्त्राच्या लेखी काडीचाही फरक नाही. थेंब पाण्यावर आपटतो, तो आपटण्याचाच आवाज, असं आपण धरून चालतो. तसं नाही. केंब्रिजच्या अनुराग अगरवाल यांना ब्राझीलमध्ये मित्राच्या गळक्या छपराखाली हा प्रश्न पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखाली माइक लावून २०१८ मध्ये दाखवून दिलं की आपटणं जवळजवळ मुकं असतं. थेंबाने पाण्यात खळगा पडतो, तो मिटताना त्याच्या तळाशी हवेचा बारीक बुडबुडा अडकतो, बुडबुडा थरथरतो आणि वरचं पाणी थरथरवतो. ते म्हणजे आपलं ‘टप्प’. बुडबुडा लहान तर सूर चढा, मोठा तर उतरता. याचं गणित मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच मांडून ठेवलं होतं.

मग तोच बुडबुडा एका ठिकाणी झोप उडवतो आणि दुसऱ्या ठिकाणी लोक त्याच्यासाठी वाकून नळीला कान लावतात, हे कसं?

नळाचा थेंब नेमाने पडतो. पुढचा कधी पडणार हे कानाला कळलेलं असतं आणि कान त्याची वाट बघत जागा राहतो. रांजणातलं पाणी गोट्यांतून चुकतमाकत येतं, त्यामुळे अंदाज बांधताच येत नाही, आणि कान लवकरच तो नाद सोडतो. शिवाय रांजण थांबतो. हात धुतलेलं पाणी संपलं की विषय संपला. मुख्य म्हणजे तो तुम्ही काहीतरी केल्यामुळे वाजलेला असतो. नळ तुमच्यावर लादलेला असतो. याहून मोठं कारण माझ्या मते वेगळंच आहे. त्याला पुरावा नाही, पण माझी श्रद्धा आहे. नळाच्या प्रत्येक थेंबात आपल्याला वरची टाकी रिकामी होताना ऐकू येते. दोन रुपयांचा वॉशर आणि ‘दुपारून येतो’ म्हणून गेलेला प्लंबर ऐकू येतो. हिशेब चालू असताना कोणाला शांत वाटणार?

या कसोटीवर पांढरा डबा नळाच्या जातीचा ठरतो. तो आपणहून थांबत नाही, तुमच्या हालचालीशी त्याचं देणंघेणं नाही आणि रेकॉर्डिंगचा सांधा एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकू येत नाही. अशी सगळीच यंत्रं टाकाऊ असतात असं नाही. अमेरिकेत जिम बकवॉल्टरने १९६२ मध्ये झोपेसाठी जे यंत्र बाजारात आणलं, त्यात रेकॉर्डिंग नव्हतंच. आत खरा पंखा, वर भोकांचं टोपण. टोपण फिरवलं की वाऱ्याचा सूर बदलतो. ‘डोम’ या नावाने ते अजून विकलं जातं. ते कबूल करतं की मी पंखा आहे. उलट अर्व्ह टायबेलने १९६९ मध्ये समुद्राच्या लाटांची तबकडी काढली, तेव्हा त्या लाटा आयबीएमच्या संगणकातून काढून हव्या तशा घडवाव्या लागल्या होत्या. आणि तान्ह्या बाळांसाठी विकली जाणारी अशी १४ यंत्रं टोरांटोच्या डॉक्टरांनी तपासली, तर त्यातल्या तीनांचा आवाज एक फुटावरून ८५ डेसिबलच्या वर गेला. हा अहवाल २०१४ चा. कारखान्यातल्या कामगाराला इतक्या आवाजात पाळीभर ठेवायचं तर कानांची सोय करावी लागते. पाळण्याला ती अट नाही.

दिवाणखान्यातल्या टेबल-कारंज्यांचा बचाव करायला काही वाचक सरसावतील, म्हणून सांगून ठेवतो. त्यात पाणी खरं असतं, पण ऐकू येतो तो पंप. पाणी थोडं आटलं की तो गुरगुरायलाही लागतो.

आमच्या डिझायनर मंडळींना एक काम सुचवतो. बाल्कनीतल्या कुंड्यांना रोज सकाळी आपण पाणी घालतो. त्यातलं निथळलेलं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास जातो. हेच पाणी कुंडीखालच्या पालथ्या माठात थेंबाथेंबाने सोडलं तर? धारावीच्या कुंभारवाड्यात माठ मिळतो, भोकही तिथेच पाडून मिळेल. अडचण एकच, आणि ती जपानी पुस्तकांत सापडायची नाही. आत पाणी साठलं की डास आलेच, आणि डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन आला तर ध्वनिसौंदर्याची सबब चालणार नाही. म्हणजे दिवसाआड पूर्ण रिकामा करता येईल, जाळी बसेल, तरीही घुमेल असा माठ हवा. जाळीवर थेंब फुटला तर बुडबुडा होणार नाही, म्हणून जाळी कुठे बसवायची हा खरा प्रश्न. डिझाइन कॉलेजातल्या एखाद्या मुलाने तो सोडवला तर माठ मी विकत घेईन, उधारीवर नाही.

तोवर गळक्या नळाखालच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. उपाय केंब्रिजवाल्यांनीच सांगितलेला आहे: पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडा अडकत नाही, टपटप बंद. मग प्लंबर दुपारून आला काय आणि दिवाळीत आला काय. फक्त सकाळी अंघोळीला ती बादली घेऊ नका.