‘पुढे वाढवू’ म्हणून घर घेणाऱ्यांना

दोन खोल्यांचं बैठं घर बघायला गेलात की मालक तुम्हाला आधी गच्चीवर नेतो. तिथे कॉलमचे गज हात-दीड हात वर सोडलेले असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणतो, “वर आणखी दोन मजले चढतील. त्या हिशेबानेच पाया घेतलाय.” खाली येईपर्यंत तुमच्या मनात वरच्या मजल्यावर मुलाची खोली, आईसाठी देवघर, एखादं भाडेकरूचं बिऱ्हाडसुद्धा बांधून झालेलं असतं. मग मागितलेली किंमत जास्त वाटत नाही.

मी तालुक्याच्या गावात तीस वर्षं घरांचे नकाशे काढतो आहे, आणि माझं स्वतःचं घर मी असंच घेतलं. 1994 साल होतं, नोकरी नवी होती, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला. दहा वर्षांनी वर चढायचं ठरवलं तेव्हा कोपऱ्यातल्या कॉलमच्या शेजारी खड्डा घेतला. साडेतीन फुटांवर फुटिंग संपलं आणि त्याखाली काळी माती. पक्का मुरूम सहा फुटांच्याही खाली होता. गज वर सोडलेले होते, पण खाली त्यांना पेलणारं काही नव्हतं. तो मजला आम्ही कधीच बांधला नाही. आई शेवटपर्यंत बाहेरच्या खोलीत, दाराच्या वाऱ्यात झोपली. म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

लहान घर घ्यायला माझा मुळीच विरोध नाही. ऐपत असेल तेवढं घ्यावं आणि संसाराबरोबर ते वाढवावं, हीच आपली जुनी रीत. वाड्यांना सोपे जोडले गेले, गावातल्या घरांना परसात खोल्या निघाल्या. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) सिडको वसाहतींत लोकांनी छोट्या घरांवर आणि घरांपुढे केवढं बांधलं, ते तिथल्या कुठल्याही गल्लीत दिसेल. पण वाढणारं घर घ्यायचं तर ते कुठे, किती आणि कशावर वाढणार, हे विसार देण्याआधी कळलं पाहिजे. बांधायच्या वेळी कळून उपयोग नाही.

पहिला प्रश्न कागदाचा. जागेला चटई क्षेत्र निर्देशांक असतो, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात. समजा प्लॉट 1000 चौरस फुटांचा आहे आणि निर्देशांक 1.1 आहे, तर एकूण 1100 चौरस फूट बांधता येईल. आजचं घर 600 चौरस फुटांचं असेल तर 500 शिल्लक. तुमच्या प्लॉटला नेमका किती निर्देशांक लागू आहे, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि गावाच्या कुठल्या भागात जागा आहे त्यावर ठरतं. राज्याच्या बऱ्याच भागात 2020 च्या डिसेंबरपासून एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे. तेव्हा एखाद्या परवानाधारक वास्तुविशारदाकडून किंवा इंजिनिअरकडून लेखी हिशेब करून घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

पण शिल्लक आहे एवढ्यावर थांबू नका. ते शिल्लक कोणाचं, हे विचारा. रो-हाउसच्या वसाहतीत फसगत होते ती इथे. प्रत्येक घराखालच्या तुकड्याची स्वतंत्र मोजणी झाली आहे की सगळ्या घरांखालची जमीन एकत्र आहे? जमीन सामाईक असेल तर उरलेला एफएसआयही सामाईक, आणि तुमच्या डोक्यावरची गच्ची तुमचीच आहे असं धरून चालता येत नाही. खरेदीखतात गच्चीचा आणि पुढच्या बांधकामाचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला हवा. “सगळे बांधतातच की” हे उत्तर ऐकलंत तर तिथून उठा.

गुंठेवारीतलं घर असेल तर आणखी काळजी घ्या. 2001 च्या कायद्याने अशी बांधकामं नियमित करायची वाट दिली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना खुली झाली. पण नियमित झालं ते जेवढं उभं होतं तेवढंच. त्यावर चढवायच्या मजल्याला नव्याने परवानगी लागते. घरपट्टीची पावती दाखवून “सगळं कायदेशीर आहे” म्हणणारे पुष्कळ भेटतील. घरपट्टी विनापरवाना बांधकामालाही लागते, त्याने बांधकाम अधिकृत होत नाही. बघायचे कागद वेगळे: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नकाशा हातात धरून घरभर फिरा. नकाशात नसलेली खोली आज उभी असेल, तर तुमची वाढ आधीच्या मालकाने वापरून टाकली आहे, आणि वर त्याची चूक तुमच्या नावावर येणार आहे.

सांगली-कोल्हापूरकडच्यांनी पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत वाढीव बांधकामाची आशा धरू नका. 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता जमिनीखाली. घर भिंतींवर उभं आहे की कॉलम-बीमवर, हे आधी ठरवा. भिंतींवर भार घेतलेल्या जुन्या घरावर स्लॅबचा मजला चढवायचा विचार इंजिनिअरने मोजून होकार दिल्याशिवाय करू नये. कॉलम असतील तर एका कॉलमशेजारी खड्डा घेऊ द्या, अशी मालकाला विनंती करा. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम आहे. फुटिंग किती रुंद, किती खोल, आणि खाली काळी माती की मुरूम, हे तिघांच्या डोळ्यांनी बघा: तुमच्या, मालकाच्या आणि इंजिनिअरच्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर टेकलेलं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसली तर नवा रंग बघून समाधान मानू नका. गच्चीवरचे गज हाताने चोळून पाहा. पापुद्रे सुटत असतील तर त्यांचा भरवसा धरू नये. आणि तुमच्या घरी असे गज असतील तर त्यांना आजच सिमेंटचा लेप देऊन वरून कमी सिमेंटच्या काँक्रीटचं वेष्टण करून ठेवा. बांधायच्या वेळी ते फोडता येतं.

वजनाची गोष्ट मी इतक्या आग्रहाने का सांगतो? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, त्यांच्या दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि वर माळवद. गळू नये म्हणून त्या छपरावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेले होते. प्रत्येक थर घालणाऱ्याला तो थोडकाच वाटला असणार. आज आपण जुन्या स्लॅबवर कोबा, त्यावर पाण्याची टाकी, त्यावर पत्र्याची खोली असं करत जातो तेव्हा तेच करत असतो. मजला चढवताना जुना कोबा काढायचा, हे गवंड्याला बजावून सांगावं लागतं, कारण काढण्यात त्याचा वेळ जातो.

वाढणारी घरं मुद्दाम आखलेली बघायची असतील तर नवी मुंबईत बेलापूरला जा. ऐंशीच्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिथे जी वसाहत आखली, तिच्यात शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भिंत सामाईक ठेवली नाही. कारण सरळ होतं: एकाला वाढवायचं असेल तर दुसऱ्याची परवानगी मागावी लागू नये. तिथली कितीतरी मूळ घरं आता पाडून मोठी बांधली गेली आहेत, ओळखू येत नाहीत, तरी ती तत्त्वाची गोष्ट पटते. इंदूरला बाळकृष्ण दोशी यांच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना आधी जोतं, संडास-मोरी आणि नळ-गटाराची जोडणी मिळाली. खोल्या त्यांनी जमेल तशा बांधल्या. त्या कामाला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. यातून आपण घ्यायचं ते एवढंच की जी गोष्ट मागाहून हलवणं अवघड, ती पहिल्या दिवशी योग्य जागी हवी.

म्हणून घर बघताना तीन जागा शोधा. पहिली जिन्याची. जिना कुठून जाईल? पुढे वरच्या मजल्याला स्वतंत्र वाट हवी असेल तर तो बाहेरच्या बाजूने निघाला पाहिजे, आणि त्याच्यापायी सोडायची मोकळी जागा खाल्ली जाता कामा नये. 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा मोठा वाटतो, पण समोर 10 फूट सोडावे लागले तर त्यातले 330 चौरस फूट गेलेच. दुसरी जागा संडासच्या टाकीची. मागच्या अंगणात खोली काढायचं मनात आहे आणि नेमकी तिथेच टाकी आहे, हे मी डझनावारी घरांत पाहिलं आहे. तिसरी, वरच्या मोरीचं पाणी उतरायची. खालच्या मोरीच्या डोक्यावर वरची मोरी आली तर पाईप सरळ येतो आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येत नाही. आणि वर मान करून विजेच्या ताराही बघा. एक मजला चढला की त्या हाताशी येतात.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या कर्जाचा हप्ता कंबरेइतका असू द्या, गळ्याशी आला तर दुसरं कर्ज काढता येणार नाही. वाढीव बांधकामाला बँका कर्ज देतात, पण मंजूर नकाशा मागतात.

एवढं सगळं झाल्यावर रात्री घरी बसून नवरा-बायकोने, सोबत म्हातारी माणसं असतील तर त्यांनीही, एकमेकांना विचारावं: हे घर आहे तसंच राहिलं तर आपल्याला चालेल का? आजारी माणसाला निजायला जागा आहे का, मुलीला दार लावून अभ्यास करता येईल का, मोरीत आजोबांना धरून उभं राहायला कडी बसवता येईल का. उत्तर ‘हो’ असेल आणि कागदही जुळत असतील तर जरूर घ्या. उत्तर ‘नाही’ असेल आणि सगळी भिस्त वरच्या मजल्यावर असेल, तर दोन वर्षं भाड्याने राहा, पैसे साठवा, दुसरं बघा.

आणि मालक म्हणाला की खड्डा काढायला नको, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, तर त्याला नम्रपणे सांगा की दोन खोल्यांचीच किंमत देऊ, गजांची नाही.