करंगळी बधिर? यंत्राआधी कोपर तपासा

करंगळीला मुंग्या येतात, पकड सैल होते, हात वर केला की खांद्यापासून कळ उतरते. मोठ्या शहरात अशा रुग्णाच्या कागदावर कधीकधी ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ असे नाव पडते. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीजवळच्या अरुंद वाटेत दाबल्या जाणे, हा तो विकार. मग नसांची विद्युत तपासणी सांगितली जाते आणि अनेकदा अहवाल ‘नॉर्मल’ येतो.

याचा अर्थ रुग्ण ढोंग करतो असा नाही. हात वर केल्यावरच नस दाबली जात असेल, तर आडवे झोपवून केलेल्या तपासणीत ते दिसत नाही. दाब दीर्घकाळ राहून नसेचे तंतू झिजले, तरच अहवाल बदलतो. लंडनच्या रॉजर गिलियाट व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये वर्णन केलेली खूण तेव्हा दिसते: अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकतो, बधिरता मात्र करंगळीकडे आणि कोपराखालच्या आतल्या बाजूला असते. असे रुग्ण फार थोडे.

चंद्रपूर-गडचिरोलीत या लक्षणांचा विचार वेगळ्या क्रमाने व्हायला हवा. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते कुष्ठरुग्णांसाठी. २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ जाहीर झाले. पण त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच. या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. आणि या रोगाची आवडती जागा म्हणजे कोपरामागची अल्नर नस. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात, तीच.

ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, हे बोटांनी कळते. करंगळी बधिर, पण कोपराखालची आतली कातडी शाबूत असेल, तर दोष सहसा कोपरापाशी असतो. अंगावर न खाजणारा, संवेदना नसलेला चट्टा शोधायला तर यंत्र लागतच नाही. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या माणसाला यंत्रासाठी धाडण्याआधी ही पाच मिनिटे खर्च करणे शहाणपणाचे. (गार हातावर विद्युत तपासणी केली तर निष्कर्षही चुकतो, हे वेगळेच.)

कुष्ठरोगाचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टिरॉइडने हाताची ताकद परत येण्याची शक्यता असते; त्यानंतर ती झपाट्याने घटते.