दुसरा वेचा

दिवाळीला यवतमाळला गेलो की माझं टाइमटेबल ठरलेलं असतं. पहिला दिवस झोपेचा, दुसरा आईचा आणि तिसरा आर्णी रोडवरच्या आमच्या टपरीचा. पुण्यात कितीही भारी कॉफी प्या, टपरीवरच्या कटिंगशिवाय दिवाळी झाली असं वाटतच नाही, बॉस!

2025 च्या दिवाळीतही आम्ही चौघं तिथेच होतो. एक बँकवाला, एक कृषी केंद्रवाला, एक मी, पुण्यात लॅपटॉप बडवणारा. आणि चौथा आमचा हिरो. त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त त्याच्या आधार कार्डाला माहीत आहे. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच. गॅदरिंगला शिट्ट्या त्यालाच, मुलींच्या वह्यांच्या मागच्या पानावर नाव त्याचंच.

गप्पा मस्त चालल्या होत्या. तेवढ्यात बँकवाल्यानं ‘झुंड’मधल्या पोराचा विषय काढला.

त्याच महिन्यात, 8 ऑक्टोबरला, नागपुरात प्रियांशू ऊर्फ बाबू छेत्री या पोराचा खून झाला होता. वय 21. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये अमिताभ बच्चनसमोर जी नागपूरची पोरं बिनधास्त उभी राहिली, त्यातला हा एक. आणि या प्रकरणात पोलिसांनी ज्याला पकडलं तो त्याचाच मित्र.

कृषी केंद्रवाला म्हणाला, “बच्चनसोबत काम केलं बे त्यानं. अजून काय पायजे होतं?”

हिरो काहीच बोलला नाही. ग्लास खाली ठेवला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

त्याच्या जाण्याचं कारण कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलवर एका हार्ड डिस्कमधून एक अमेरिकन सिरीज आली होती, ‘आँटुराज’. 2004 ते 2011 अशी आठ सीझन चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला एक पोरगा हॉलीवूडचा स्टार होतो आणि आपल्यासोबत गावचे मित्र आणि सावत्र भाऊ असं सगळं बिऱ्हाड लॉस एंजेलिसला नेतो. एक मित्र मॅनेजर, एक ड्रायव्हर, भाऊही स्ट्रगलर अॅक्टर. मोठा बंगला, मोठ्या गाड्या. पुढे त्याचा ‘मेडेलिन’ नावाचा सिनेमा कान फेस्टिव्हलमध्ये दणकून आपटतो, फोन वाजायचे बंद होतात, पण ती चौकडी काही तुटत नाही. आम्हीही चौघंच! मग काय, रात्री तीन वाजता पोस्टं वाटून झाली. बँकवाला फायनान्स बघणार, कृषी केंद्रवाला गाडी चालवणार, मी स्क्रिप्ट लिहिणार. हिरोला काही करायचं नव्हतं. त्यानं फक्त हिरो राहायचं होतं.

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ आला आणि गंमत सीरियस झाली. करमाळ्याकडचा आकाश ठोसर, अकलूजची रिंकू राजगुरू. कुणाच्या खानदानात कुणी पिक्चरवाला नाही, आणि सिनेमानं शंभर कोटींचा आकडा पार केला. मराठीत हे पहिल्यांदाच घडत होतं. आम्ही तो चार वेळा पाहिला. चौथ्यांदा बाहेर पडताना हिरो म्हणाला, “मी जाऊन रायलो मुंबईले.”

गेला. आम्ही तिघं दर महिन्याला दोन-दोन हजार पाठवायचो. माझी नोकरी नवी होती, पण त्या दोन हजारांचा मला भारी अभिमान होता. आपण एका स्टारमध्ये इन्व्हेस्ट करतोय, असंच वाटायचं.

मुंबईत तो अंधेरीला एका खोलीत सहा जणांसोबत राहायचा. रोज सकाळी वर्सोव्याच्या आरामनगरला. तिथे ओळीनं कास्टिंगवाल्यांची ऑफिसं. दारातल्या वहीत नाव, उंची, फोन नंबर लिहायचा आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहून तेच पुन्हा सांगायचं. दोन वर्षांत त्याला एका मालिकेत हवालदाराचं काम मिळालं. सहा दिवस. त्या सहा दिवसांचे पैसे तीन महिन्यांनी आले, कारण त्या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी चालते, हे त्याला काम झाल्यावर कळलं. तो एपिसोड मात्र आम्ही दत्त चौकातल्या मोबाईलच्या दुकानात सगळ्या टीव्हींवर एकदम लावायला लावला होता. पेढेही वाटले.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनच्या आधी तो घरी आला. “थोडा गॅप,” म्हणाला. तो गॅप अजून संपलेला नाही. आता तो एका मोबाईल शॉपीत काम करतो आणि आपल्या दुर्गोत्सवात मंडळाचं निवेदन करतो. आवाज अजूनही असा की पालखीसोबत चालणारे वळून बघतात.

आणि त्या पाच वर्षांत प्रत्येक दिवाळीत, टपरीवर बसलं की मी त्याला एकच प्रश्न विचारायचो. “काबे हिरो, पिक्चर कवा?”

मला वाटायचं, मी त्याला जिवंत ठेवतोय.

त्या रात्री झोप येईना. मोबाईलवर ‘झुंड’बद्दल वाचत बसलो. शूटिंग 2018 च्या शेवटी नागपुरात सुरू झालं. रिलीजची तारीख आधी 2019 मधली, मग 2020 मधली, मग कोरोना. थिएटरात आला 4 मार्च 2022 ला. म्हणजे तीनेक वर्षं ही पोरं बच्चनसोबत काम करून परत आपल्याच गल्लीत बसलेली. सांगणार काय? दाखवणार काय? मग एकदम पोस्टर, मुलाखती, टाळ्या. त्यातल्या अंकुश गेडामला 2023 मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. आणि प्रियांशूला 2022 च्या नोव्हेंबरातच चोरीच्या प्रकरणात पकडल्याची बातमी आली होती. सिनेमा एक, शहरही एकच. त्याच्या मरणातून धडा काढायचा मला काही हक्क नाही. त्याच्या घरचे काय सोसत असतील ते त्यांनाच माहीत. पण ‘अजून काय पायजे होतं?’ हा टपरीवरचा प्रश्न काही पाठ सोडेना.

ऑस्करवालेही याच प्रश्नापाशी आले होते की. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला 2009 च्या फेब्रुवारीत आठ ऑस्कर मिळाली. वांद्र्याच्या गरीबनगरमधली रुबिना आणि अझरुद्दीन ही चिमुरडी लॉस एंजेलिसच्या रेड कार्पेटवर चालून परत आपल्या झोपडपट्टीत आली. तीनच महिन्यांत, मे महिन्यात, अझरुद्दीनच्या घरावर पालिकेचा हातोडा पडला. पुढे 2011 मध्ये वस्तीला आग लागली, त्यात रुबिनाचं घर जळालं. पण दिग्दर्शक डॅनी बॉइल आणि निर्मात्यांनी एक शहाणपण केलं होतं. ‘जय हो’ नावाचा ट्रस्ट काढून मुलांचं शिक्षण आणि घर त्यात बांधून ठेवलं. शाळेत जा, मग पैसे. त्यावरही वाद झाले, सगळं काही सुरळीत झालं नाही. पण ‘टाळ्या थांबल्यावर पुढे काय’ हा विचार तरी कुणी केला.

आपल्या रिंकूनंही तेच केलं. ‘सैराट’नंतर बाहेर पडणं मुश्कील झालं, शाळा सुटली. तरी 2017 मध्ये बाहेरून दहावी दिली, 66.40 टक्के. 2019 मध्ये बारावीला 82. आर्ची बुलेटवर बसली की आपण शिट्ट्या मारतो. तिच्या मार्कशीटला कुणी शिट्टी मारली असेल असं वाटत नाही.

आणि मग मला आमच्याच जिल्ह्यातली वैशाली येडे आठवली.

कळंब तालुक्यातल्या राजूरची. शेतकरी नवऱ्यानं 2011 मध्ये आत्महत्या केली. पदरात मुलं. अंगणवाडीत काम. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी बसवलेलं ‘तेरवं’ नावाचं नाटक आहे. त्यात कामं करतात त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका-मुली. वैशाली त्यातलीच एक. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, देशभर बोंब झाली आणि त्या मानाच्या जागी उभी राहिली वैशाली येडे. 11 जानेवारी, शुक्रवार. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाईलवर बघत होतो. मागे राहिलेल्या बायकांबद्दल ती बोलत होती आणि माझ्यासमोरचा डोसा गार होत होता. शेजारच्या टेबलावरच्या एकीनं विचारलं, “कोण आहे ही?” मी कॉलर ताठ करून म्हणालो, “आमच्याकडची आहे!”

त्याच वर्षी तिनं यवतमाळ-वाशीममधून प्रहारच्या तिकिटावर लोकसभा लढवली. पडली. हे मला माहीत होतं. त्यानंतर तिचं काय, हे मी एकदाही शोधलं नव्हतं. कॉलर ताठ करायची तेवढी करून झाली होती ना!

‘तेरवं’ची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्यात कुणी एकटी हिरॉईन नाही. दुःख सगळ्यांचं एकच. आज एकीचा फोटो पेपरात आला, तरी उद्या प्रयोगाला उभं राहायचं ते सगळ्यांनी मिळूनच. बाजूला जी उभी आहे तिला तुझं सगळं आधीच माहीत आहे. तिला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आमच्या हिरोच्या बाजूला असं कोण होतं? आम्ही तिघं? आम्ही तर प्रेक्षक होतो. तिकिटाचे दोन हजार भरून शो सुरू व्हायची वाट बघत बसलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन केला. म्हणाला, “वावरात आहो. ये.”

त्याचं वावर घाटंजीच्या रस्त्याला. त्या दिवशी सीतादही होती. शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी सांगतो, कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. पूजा झाली, बाया ओळीनं वेचायला लागल्या. पांढराशुभ्र, टपोरा कापूस. पहिला वेचा नेहमी असाच, सगळ्यात देखणा. मी म्हणालो, “काका, यंदा मजा आहे.”

त्याचे वडील हसले. “पयल्या वेच्यावर लग्न काढू नाई, बाप्पा. पुढचे वेचे पाहा लागते. शेवटी कवडी बी येते. ते बी वेचाच लागते.”

आम्ही दोघं बांधावर बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी विचारलं, “काल काऊन उठून गेला बे?”

तो बराच वेळ हातातल्या बोंडाशी खेळत राहिला. मग म्हणाला, “त्या पोराची बातमी वाचली तवापासून डोकं जड हाय. मुंबईत माह्यावर बी असे दिवस आले होते. दोन दोन दिवस खोलीच्या बाहेर नाई निघालो. तुमचे फोन यायचे. तुमी इचारायचे, पिक्चर कवा? काम भेटलं का? एकानं बी इचारलं नाई का जेवला का.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ‘आँटुराज’मधले ते तिघं हॉलीवूडमध्ये काय करत होते, हे मला आठ सीझन बघून कळलं नव्हतं. सिनेमा आपटल्यावरही ते त्याच्यासोबत एकाच टेबलावर जेवत होते. एवढंच. मॅनेजर, ड्रायव्हर ही सगळी पोस्टं नंतरची.

प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये एक हिरो असतो. कुणाचा स्टार्टअप बंद पडलेला, कुणाची यूपीएससी तिसऱ्यांदा गेलेली, कुणी फॉरेनहून परत आलेला. त्याच्या पहिल्या वेच्याला स्टेटस ठेवणारे आपण सगळेच असतो. आज त्याला एक फोन करा. आणि काय वाट्टेल ते विचारा, पण ‘पुढे काय’ एवढं विचारू नका, प्लीज.

निघताना मी हिरोला म्हणालो, “दुसऱ्या वेच्याले सुट्टी टाकून येतो.”

त्यानं माझ्या कॅज्युअल लीव्हवर किती विश्वास ठेवायचा याचा अंदाज घेतला. मग म्हणाला, “येजो. पण डबा घेऊन येजो.”